सुमंत ठेवतेस? मग हे ऐक

अगं राणी, मुलाचं नाव सुमंत ठेवायचं म्हणतेस आणि त्यावरून सासरी कुरबुर चालू आहे, हे आईकडून कळलं. फोनवर बोलायला जावं तर तुझ्यामागे सगळे कान देऊन बसलेले. म्हणून लिहूनच पाठवते. निवांत वाच, बाळ झोपलं की.

सासूबाईंना अधिराज हवंय, दिराला युवराज. त्यांच्यावर एवढी चिडू नकोस. आपला मुलूखच तसा आहे. सिंदखेड राजा, देऊळगाव राजा, किनगाव राजा, आडगाव राजा, मेहुणा राजा. आपल्याकडे गावंसुद्धा पदवी मिरवतात. लखुजीराजे जाधवांचं घराणं या भागात नांदलं, त्याची ही खूण. खुद्द लखुजीराजांच्या एका मुलाचं नाव बहादुरजी होतं, आणि बहादुर हा दरबारी किताबातला शब्द. म्हणजे जिजाऊंच्या माहेरीसुद्धा ही हौस होतीच. मग तुझ्या सासूबाईंनी काय घोडं मारलंय?

पण मी रोज पहिलीची हजेरी घेते ना, म्हणून सांगते. हजेरीपटावर शिवराज एकापेक्षा जास्त, त्यांच्या खाली राजवीर, मग युवराज, मग स्वराज. एका शिवराजला हाक मारली की दुसरा ‘हजर’ म्हणतो. शेवटी पोरांनीच तोडगा काढला. एक झाला ‘शिवराज मोठा’, दुसरा ‘शिवराज टोपीवाला’. टोपी हरवून कित्येक महिने झाले, तरी तो टोपीवालाच. राजाचं नाव ठेवलं आणि ओळख टोपीवर आली! युवराज तर २००७ साली युवराजसिंगनं एका षटकात सहा षटकार ठोकले, तेव्हापासून घराघरात शिरला. छानच नाव आहे, फक्त आता त्यात वेगळेपण उरलं नाही.

पदवीचं नाव होणं ही काही नवी गोष्ट नाही. कुडतोजी गुजरांना सरनौबतीबरोबर प्रतापराव हा किताब मिळाला. १६७४ मध्ये नेसरीला ते पडले, पण लोकांच्या तोंडी राहिलं ते प्रतापराव, कुडतोजी कुणाला आठवतही नाही. पुढे ते नाव घरोघरी रुळलं. आपल्या जिल्ह्याच्या खासदारांचंच बघ, प्रतापराव जाधव. त्यांच्यामागून सेनापती झालेले हंसाजी मोहिते, त्यांचा किताब हंबीरराव. २०२२ मध्ये त्यांच्यावर मोठा सिनेमा आला, थिएटरं भरली, पण हंबीर नावाचं पोट्टं मला अजून वर्गात भेटलेलं नाही. कोणतं नाव चालेल आणि कोणतं पडून राहील, याचा हिशेब कुणाला जमत नाही. तेव्हा ‘असं नाव कुणी ठेवतं का’ या बोलण्याला फार किंमत देऊ नकोस.

आणि गंमत अशी की पदव्या आपल्याकडे आडनावं मात्र भराभर झाल्या. देशमुख, देशपांडे, कुलकर्णी, चिटणीस, फडणीस, डबीर. वतन मुलाकडे गेलं, त्याच्यामागोमाग हुद्दाही गेला, आणि पुढे हुद्दा गेला तरी आडनाव राहिलं. आडनाव वारशानं येतं, पहिलं नाव मात्र आईबाप निवडतात. म्हणून पदवीतलं नाव निवडायचंच असेल, तर त्या पदवीचं काम काय होतं ते आधी बघावं, असं मला वाटतं.

आता सुमंताचं काम सांगते, सासूबाईंसमोर उपयोगी पडेल. ६ जून १६७४ ला महाराजांचा राज्याभिषेक झाला, तेव्हा अष्टप्रधानांच्या फारसी हुद्द्यांना संस्कृत नावं दिली. पेशव्याचा पंतप्रधान झाला, मुजुमदाराचा अमात्य, सुरनीसाचा सचिव, आणि डबीराचा सुमंत. राज्यकारभारातले फारसी शब्द बदलण्यासाठी महाराजांनी राज्यव्यवहारकोशच करवून घेतला होता. सुमंताकडे परराज्यांचं खातं. बाहेरून वकील आला की त्याचा मानपान बघायचा, तिकडच्या बातम्या ठेवायच्या, तह करावा की लढावं याचा राजाला सल्ला द्यायचा. दीर म्हणेल, हे तर कारकुनी नाव झालं. त्याला सांग, आठांपैकी पंडितराव आणि न्यायाधीश हे दोघे सोडले तर बाकी सगळ्यांना वेळ पडली की मोहिमेवर जावं लागायचं. सुमंतालाही. आणि शहाजीराजांनी जिजाऊंना शिवबांसह पुण्याला पाठवलं, तेव्हा सोबत दिलेल्या विश्वासू माणसांत सोनोपंत डबीर होते. तेव्हा हा हुद्दा जिजाऊंच्या घरोब्यातलाच म्हण.

अर्थ विचारला तर सांग, चांगली मसलत देणारा. रामायणातला सुमंत्रही त्याच घरातला: दशरथाचा मंत्री आणि सारथीसुद्धा. रामाला गंगेपर्यंत सोडून रिकामा रथ घेऊन अयोध्येला परत यायचं आणि दशरथाला तोंड दाखवायचं, हे काम त्याच्याच वाट्याला आलं. कठीण निरोप सांगणारा माणूस घरात असावा लागतो गं.

दिराला इतिहासात रस नसेल तर त्याला गाडीची गोष्ट सांग. मेहकर स्टँडबाहेर ‘लोणार, लोणार’ ओरडत जी काळी-पिवळी सुमो भरायची, मागच्या आडव्या सीटवर गुडघ्याला गुडघे लावून बसायचो आपण, मधे कुणाची तरी हरभऱ्याची पिशवी, ती सुमो या नावातूनच आली. टाटांच्या टेल्कोचे सुमंत मुळगावकर, भारतात ट्रक बनवण्याचा कारखाना ज्यांनी उभा केला ते. सुमंतचा ‘सु’ आणि मुळगावकरांचा ‘मो’. मुळगावकर १९८९ मध्ये गेले आणि गाडी १९९४ मध्ये आली. आपल्या पिढीनं सुमंत नावाचा माणूस पाहिला नसेल, पण त्याच्या नावात बसून प्रवास मात्र सगळ्यांनी केलाय.

आता याचीच दुसरी बाजू. पोरं त्याला सुमो म्हणणार. नक्की म्हणणार. बाळ अंगानं गुबगुबीत निघालं तर विचारूच नको. मास्तर सुमित लिहितील, बँकेत सुमन होईल, कुणी हेमंत म्हणून हाक मारेल. सुमंत हे आडनावही आहे, त्यामुळे फॉर्मवर आडनावाच्या चौकटीत जाऊन बसेल. यातलं काही अंगाला लावून घेणार असशील तर आत्ताच विचार कर. मला विचारशील तर चिडवायला राजवीरलासुद्धा पोरं काहीतरी शोधतातच.

आणि एक गोष्ट, ही सासूबाईंसमोर बोलू नकोस, तुझ्यापुरती ठेव. अधिराज मला का नको वाटतं माहीत आहे? मोठी लेक आहे ना घरात. तिच्या बारशाला नावावरून एवढी चर्चा झाली होती का, आठव. पाचवीच्या दिवशीच नाव ठरलं, कुणी पंचांगही उघडलं नाही. आता भाऊ आला तर राजांचा राजा हवा. २०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ८५५ मुली निघाल्या. दर १२ जानेवारीला जिजाऊंच्या दर्शनाला लोटणारी गर्दी आठवते आणि हा आकडा आठवतो, आणि माझा जीव जळतो. तुझ्या घरात तसं कुणी नाही, मला माहीत आहे. पण रोज एकीला ‘चल गं’ आणि दुसऱ्याला ‘या अधिराज’ अशी हाक जाणार, आणि ती पोरगी ते ऐकत मोठी होणार. सुमंत म्हटलं की निदान त्याला कुणाचं तरी ऐकावं लागेल, बहिणीचंही.

भटजींनी अक्षर विचारलं तर ‘सु’ शततारकेच्या चौथ्या चरणाचं, रास कुंभ. बाळाचं नक्षत्र ते नसेल तर राशीचं नाव वेगळं ठेवा आणि हाक सुमंत मारा, आपल्याकडे सगळे तेच करतात.

जन्माची नोंद एकवीस दिवसांच्या आत झालेली असली पाहिजे. बाळंतपण ज्या गावच्या दवाखान्यात झालं तिथली नोंद, सासरच्या ग्रामपंचायतीत नाही. भावजींना उगाच दोन चकरा मारायला लावू नकोस. नाव ठरलं नसलं तर नोंद नावाशिवाय होते आणि वर्षभरात नाव फुकट टाकता येतं, त्यामुळे घाईघाईनं अधिराज लिहून मोकळं व्हायची गरज नाही. नाव देताना मराठी आणि इंग्रजी दोन्ही स्वच्छ अक्षरात कागदावर लिहून द्या, तोंडी सांगू नका. इंग्रजीत शेवटी टी, पुढे एच नको. नाहीतर आधारवर एक, दाखल्यावर एक, आणि दहावीच्या फॉर्मपर्यंत ते निस्तरत बसायचं.

राहिली नणंद. ती तुझ्या बाजूला हवी, कारण कानात कुर्रर्र करून नाव तीच सांगणार. सासूबाईंशी वाद घालण्यापेक्षा आजच तिला फोन कर आणि ‘ताई, तुम्हीच ठरवा’ असं म्हणून सुमंत सुचव. तिला मुळगावकरांची गोष्ट आवडेल, तिच्या सासऱ्यांनी सुमो चालवली आहे. झबलं-टोपडं मी आणतेय, तू त्या भानगडीत पडू नकोस. आणि बारशाला घुगऱ्या कर हं, केक नको.