घोड्यांच्या साथीने मानसोपचार : बिल हाती पडण्याआधी

एका सेशनला साधारण १०० ते २५० डॉलर, वेळ ५० ते ६० मिनिटं, बहुतेक ठिकाणी आठवड्यातून एकदा. अमेरिकेत घोड्यांच्या साथीने मानसोपचार घ्यायचा तर एवढी तयारी ठेवा. गटात घेतलंत तर कमी पडतं, मोठ्या शहरांच्या आसपास जास्त. खुर्चीत समोरासमोर बसून मुलगी तोंड उघडत नाही, नवऱ्याला थेरपिस्टकडे जायचं म्हटलं की राग येतो, अशा घरांना हा पर्याय सुचवला जातो. पैसे भरण्याआधी एक ध्यानात घ्या : तुम्ही पैसे मोजताय ते लायसन्स असलेल्या थेरपिस्टसाठी. घोडा त्यानंतर.

म्हणून नाव नीट वाचा. ‘थेराप्युटिक रायडिंग’ म्हणजे खास गरजा असलेल्यांना घोडेस्वारी शिकवणं. ‘हिप्पोथेरपी’ फिजिओ, ऑक्युपेशनल किंवा स्पीच थेरपिस्ट करतात. ‘इक्वाइन असिस्टेड लर्निंग’ आणि ‘कोचिंग’ यांना मानसोपचाराचं लायसन्स लागतच नाही. जाहिरातीत मात्र हे सगळं एकाच ताटात वाढलेलं असतं. तुम्हाला हवी आहे ‘सायकोथेरपी’. थेरपिस्टचं पूर्ण नाव मागा, राज्याच्या लायसन्सिंग बोर्डाच्या वेबसाइटवर टाका. फुकट आहे, पाच मिनिटांत होतं, तक्रारीवरून कारवाई झाली असेल तर बहुधा तीही दिसते. १९९९ मध्ये सुरू झालेल्या ‘ईगाला’ या संस्थेचं किंवा ‘पाथ इंटरनॅशनल’चं सर्टिफिकेट भिंतीवर असेल तर चांगलंच, पण सर्टिफिकेट म्हणजे लायसन्स नव्हे. जवळचं केंद्र शोधायला याच दोन संस्थांच्या वेबसाइट बघा.

ईगाला पद्धतीत घोड्यावर बसायचंच नसतं. रिंगणात एक थेरपिस्ट, एक घोड्यांचा जाणकार आणि एक-दोन घोडे. तुम्हाला सांगतात, त्या घोड्याला दोरी न लावता या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात न्या. तुम्ही दामटून पुढे गेलात की तो कान मागे पाडतो आणि पाठ फिरवून चालू लागतो. मग थेरपिस्ट विचारते, ‘आत्ता काय झालं?’ उपचार इथून सुरू होतो. दोन माणसं आणि घोड्याचा खुराक, हे सगळं त्या फीमध्ये असतं, त्यामुळे ऑफिसातल्या थेरपीपेक्षा दर चढा असतो. कोणी एकटाच दोन्ही कामं करत असेल तर दोन्हींचं प्रशिक्षण आहे का, ते विचारा. या उपचारावरचं संशोधन अजून तोकडं आहे; आठ-दहा सेशनांत सगळं ठीक होईल अशी हमी देणाऱ्यापासून लांब राहा आणि चालू असलेली औषधं डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील तर रिंगणाच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका, ९८८ या हेल्पलाइनला फोन करा.

आता इन्शुरन्स. अनेक कंपन्या घोड्यांच्या थेरपीला ‘प्रायोगिक’ म्हणून नाकारतात. सायकोथेरपी म्हणून बिल लागलं तर काही योजना पैसे देतात, पण आधी स्वतः फोन करा, घोड्यांचा उल्लेख करून विचारा आणि कॉलचा रेफरन्स नंबर लिहून ठेवा. थेरपिस्ट नेटवर्कबाहेरची असेल तर ‘सुपरबिल’, म्हणजे तपशीलवार पावती, मागा. त्यावर तारीख, निदानाचा कोड, सेवेचा कोड (५३ मिनिटं किंवा जास्त असेल तर ९०८३७), थेरपिस्टचा एनपीआय नंबर आणि भरलेली रक्कम हवी. डिडक्टिबल पुरा झाला नसेल तर परतावा शून्य, हेही धरून चाला. ‘घोड्यांचं नाव काढू नका, मी वेगळं लिहून देते,’ असं कोणी म्हणालं तर तिथूनच परत फिरा. खोट्या क्लेमचं झेंगट तुमच्याही गळ्यात येतं. भारतातून आलेल्या आईबाबांच्या व्हिजिटर इन्शुरन्समधून हे निघेल अशी आशा धरू नका.

छुपा खर्च बहुधा इथे लपतो : पहिल्या भेटीची वेगळी फी, ‘बार्न फी’, चोवीस तासांच्या आत रद्द केलं तर पूर्ण फी, आणि आगाऊ भरायचं दहा सेशनांचं पॅकेज. पावसाने किंवा बर्फाने रिंगण बंद राहिलं तर त्या सेशनचं काय? छप्पर असलेलं रिंगण आहे का? हे लेखी घ्या. पॅकेज लगेच घेऊ नका, आधी दोन-तीन सेशन एकेक करून घेऊन बघा. नॉनप्रॉफिट केंद्रांत उत्पन्नानुसार फी किंवा स्कॉलरशिप असते, पण विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. लष्करातून निवृत्त झालेल्यांना काही ठिकाणी मोफत.

नेताना ओळखपत्र, इन्शुरन्स कार्ड, औषधांची यादी, अठराखालच्या मुलांसाठी पालकाची सही. धूळ, गवत किंवा केसांची ॲलर्जी, दमा किंवा फिट येत असतील तर आधीच कळवा. बंद बूट घाला. वेव्हरवर सही करण्याआधी तो वाचा; बहुतेक राज्यांत घोड्यापासून झालेल्या इजेबद्दल केंद्राची जबाबदारी कायद्यानेच मर्यादित आहे.

इन्शुरन्स नसेल किंवा तो न वापरता भरत असाल तर लेखी ‘गुड फेथ एस्टिमेट’, म्हणजे खर्चाचा अंदाज, मागा. १ जानेवारी २०२२ पासून तो तुमचा हक्क आहे. मागितल्यावर तीन कामकाजी दिवसांत मिळायला हवा. बिल त्याहून ४०० डॉलर किंवा जास्त चढलं तर बिलाच्या तारखेपासून १२० दिवसांत केंद्र सरकारकडे दाद मागता येते, फी २५ डॉलर. एस्टिमेटचा कागद जपून ठेवा, तो नसेल तर दाद मागता येत नाही.