'पोरगा कंपनीत लागला' याच्या पुढचे प्रश्न

दहावी-बारावीचे निकाल लागले की वडगाव, कामशेत, तळेगावात एक वाक्य हमखास कानावर येते : शेजारचा पोरगा कंपनीत लागला. ऐकणाऱ्या आईच्या पोटात गोळा येतो, कारण आपला अजून घरीच आहे. मग घाईघाईने त्यालाही कुठेतरी चिकटवले जाते आणि शिक्षण मागे पडते. मावळातल्या पालकांशी बोलताना म्हणूनच मी आधी या वाक्याची उलटतपासणी घेतो.

एमआयडीसीतल्या एखाद्या लाईनवर तीन मुले शेजारी शेजारी उभी असतात. एकाचे नेमणूकपत्र कंपनीचे असते. दुसऱ्याला ठेकेदार पगार देतो. तिसरा अप्रेंटिस असतो, त्याला विद्यावेतन मिळते. गावाकडे मात्र तिघेही 'कंपनीत'. पेढे वाटण्याआधी चार गोष्टी विचारा. पत्रावर नाव कोणाचे आहे? पीएफ कोण भरणार? करार किती महिन्यांचा? आणि वर्षभरानंतर पोराला आजच्यापेक्षा जास्त काय येत असेल? चौथ्या प्रश्नाला उत्तर नसेल, तर पगाराचा आकडा कितीही बरा वाटला तरी थांबा. तीन वर्षे नुसते खोके उचललेल्या मुलाच्या हाती कोणताच कागद नसतो, आणि तोवर शिक्षणाची सवय मोडलेली असते. अप्रेंटिसशिप यापेक्षा कितीतरी चांगली. ती 1961 च्या कायद्याने चालते आणि शेवटच्या परीक्षेनंतर मिळणारे प्रमाणपत्र देशभर चालते. मात्र त्याच कंपनीने पुढे कायम करावे, असे बंधन कायदा सरसकट घालत नाही. हे घरात सगळ्यांना आधीच माहीत असावे.

कंपनी मोठी असली की आयुष्याची ददात मिटली, हाही समज पक्का. जनरल मोटर्सचा तळेगावचा कारखाना 2008 मध्ये सुरू झाला आणि डिसेंबर 2020 मध्ये तिथले उत्पादन थांबले. पुढे तो ह्युंदाईने घेतला. कारखाना उभा राहिला, पण मधली वर्षे कामगारांच्या घरांनी काढली. अशा वेळी दुसऱ्या दारावर जाताना हातातले कसब आणि त्याचा दाखला एवढेच सोबत येते.

तरीही आयटीआयचे नाव काढले की पालकांचा चेहरा पडतो. 'मार्क कमी पडले वाटतं?' हा पाहुण्यांचा प्रश्न त्यांना आधीच ऐकू येत असतो. खरे तर मागणी असलेल्या ट्रेडसाठी गुणवत्ता यादीत चुरस असते, आणि आयटीआय हा बंद बोळही नाही. दोन वर्षांचा ट्रेड नीट केलेला मुलगा डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला, आणि तिथून पदवी अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करू शकतो. ज्या तळेगावात आज हाताच्या कामाला कमी लेखले जाते, तिथेच 1908 मध्ये पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागितला, टिळकांनी पाठबळ दिले, लोकांनी तो दिला, आणि त्यातून तरुणांना काचेचे काम शिकवले गेले. त्या लोकांना कसब शिकणे कमीपणाचे वाटले नव्हते.

लोणावळ्यात वेगळीच समजूत भेटते. 1945 पासून नौदलाची आयएनएस शिवाजी इथे आहे, म्हणून नौदलात ओळखीने जाता येते असे काहींना वाटते. इथे फक्त प्रशिक्षण दिले जाते. भरती देशपातळीवर जाहिरात, परीक्षा आणि वैद्यकीय तपासणीने होते. मधे पैसे मागणारा माणूस भेटला, तर तो फसवतो आहे असे खुशाल समजा. अधिकारी व्हायचे असेल, तर राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या (एनडीए) लष्कर शाखेला बारावी कोणत्याही शाखेची चालते. नौदल आणि हवाई दलासाठी मात्र गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र लागते. अकरावीला गणित सोडताना हे लक्षात घ्या. मुलींच्या पालकांनीही लक्षात घ्या : मे 2025 मध्ये एनडीएतून 17 मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली.

लोणावळ्यातल्याच कैवल्यधाम या योगसंस्थेविषयी थोडक्यात. स्वामी कुवलयानंदांनी 1924 मध्ये ही संस्था काढली आणि योगाबद्दलचे दावे क्ष-किरण व दाबमापन यंत्रे लावून तपासायला घेतले. त्यामुळे योग म्हणजे रिकामटेकड्यांचा छंद, असे निदान लोणावळेकरांनी तरी म्हणू नये. शिकायचेच असेल तर शरीरशास्त्र मन लावून शिका, आणि पंधरवड्यात 'योगथेरपिस्ट' बनवणाऱ्या जाहिरातींपासून दूर राहा.

मला सगळ्यात जास्त वाईट वाटते ते शेतीबद्दल ऐकताना. 'आम्ही चिखल तुडवला, पोराने तुडवू नये.' यामागचे कष्ट खरे आहेत, पण शेतीशिक्षण म्हणजे चिखल, हा निष्कर्ष चुकीचा आहे. घरोघरी शिजणारा इंद्रायणी तांदूळ वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात आंबेमोहर 157 आणि आयआर-8 यांच्या संकरातून तयार झाला आणि 1987 मध्ये प्रसारित झाला. ते कृषी पदवीधरांचे काम होते. पवन मावळातल्या एखाद्या गुलाबाच्या पॉलिहाऊसमध्ये डिसेंबरात जाऊन बघा. 14 फेब्रुवारीच्या बाजारासाठी फुले जानेवारीअखेर तोडणीला यायला हवीत, म्हणून दिवस उलटे मोजून डिसेंबरच्या मध्याला फांद्यांची पिंचिंग होते. थंडी वाढली तर कळी मागे पडते, ऊन चढले तर लवकर फुलते. ठिबकच्या पाण्याचा सामू आणि क्षारता मोजावी लागते. कळी मिटलेली असतानाच कापायची, लगेच पाण्यात, मग शीतगृहात. पुढे दांड्याच्या लांबीप्रमाणे ग्रेडिंग आणि वीस-वीसचे बंच. या साखळीत प्रत्येक टप्प्यावर जाणते माणूस लागते, आणि त्या माणसाची स्वतःची जमीन असावीच लागते असे नाही.

'पण शेतीत राहिला तर मुलगी कोण देणार?' हा प्रश्न आया दबक्या आवाजात विचारतात. तो खोटा नाही, आणि माझ्याकडे त्याचे सोपे उत्तरही नाही. एवढे सांगू शकतो की हिशेबाची वही, बँकेतली उलाढाल आणि प्रशिक्षणाचा दाखला दाखवू शकणाऱ्या मुलाशी बोलणी वेगळ्या सुरात होतात. तळेगाव दाभाड्यात राष्ट्रीय सुगीपश्चात तंत्रज्ञान संस्था आहे, त्याच आवारात फलोत्पादन प्रशिक्षण केंद्रही. पॉलिहाऊसचे अल्प मुदतीचे वर्ग तिथे होतात. प्रवेशाचे पर्याय भरण्याआधी पुढच्या वर्गाची तारीख विचारून घ्या, आणि शक्य असेल तर बाप-लेक दोघांचीही नावे नोंदवा.