विम्याचा दावा नाकारला गेला, तर दाद कशी मागायची?

तुमचे पासबुक काढा आणि मे महिन्याच्या अखेरच्या नोंदी पाहा. ४३६ रुपये वजा झाले असतील, तर ते प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजनेचे आहेत. २० रुपये वजा झाले असतील, तर ते प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचे. पहिल्या योजनेत कोणत्याही कारणाने मृत्यू झाला, तरी वारसाला २ लाख रुपये मिळतात. दुसऱ्या योजनेत अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वासाठी २ लाख आणि अंशतः कायम अपंगत्वासाठी १ लाख रुपये मिळतात. याशिवाय कुणाची आयुर्विम्याची पॉलिसी असते, कुणाचा आरोग्य विमा असतो.

हप्ता आपण नेमाने भरतो. पण घरात प्रसंग ओढवल्यावर दावा केला आणि कंपनीचे नकाराचे पत्र आले, की अनेक कुटुंबे विषय तिथेच सोडतात. हे करू नका. नकाराचे पत्र हा निकाल नाही, ते फक्त कंपनीचे म्हणणे आहे. त्यावर दाद मागण्याची सोय कायद्याने केली आहे. तिला फी लागत नाही आणि वकीलही लागत नाही. लागतात ते कागद आणि मुदतीचे भान.

नकाराचे कारण लेखी घ्या

"तुमचे बसत नाही" असे काउंटरवर किंवा फोनवर सांगितले गेले, तर तेवढ्यावर परत येऊ नका. दावा कोणत्या अटीखाली नाकारला, हे लेखी मागा. दाद मागताना तुम्हाला त्याच कारणाला उत्तर द्यायचे असते. कारण माहीत नसेल, तर तुमचा अर्ज म्हणजे नुसती विनवणी होते.

कारण नियमात बसते का, ते तपासा

नेहमी दिली जाणारी काही कारणे आणि त्यांबाबतचे नियम असे:

१. "३० दिवसांच्या आत मृत्यू झाला." जीवन ज्योती योजनेत नव्याने नाव नोंदवल्यावर पहिले ३० दिवस संरक्षण नसते. मात्र मृत्यू अपघाताने झाला असेल, तर ही अट लागू होत नाही.

२. "पोलिसांचा अहवाल नाही." सुरक्षा विमा योजनेत रस्ता किंवा रेल्वे अपघात, बुडून मृत्यू, गुन्ह्यातून झालेला मृत्यू यांची पोलिसांत नोंद लागते. पण साप चावणे, झाडावरून पडणे अशा घटनांत रुग्णालयाची तत्काळ केलेली नोंद पुरावा म्हणून चालते.

३. "आजार लपवला होता." आयुर्विम्याबाबत विमा कायदा, १९३८ चे कलम ४५ सांगते की, तीन वर्षे उलटल्यावर कोणत्याही कारणाने पॉलिसीवर शंका घेता येत नाही. पॉलिसी दिल्याची, जोखीम सुरू झाल्याची किंवा बंद पडलेली पॉलिसी पुन्हा चालू केल्याची तारीख, यांपैकी जी नंतरची असेल तिच्यापासून ही तीन वर्षे मोजतात. म्हणून पॉलिसी बंद पडू देऊ नका. तीन वर्षांच्या आत दावा नाकारला आणि कारण फसवणुकीचे नसून चुकीच्या माहितीचे असेल, तर भरलेले हप्ते ९० दिवसांत परत करणे कंपनीवर बंधनकारक आहे.

४. "आरोग्य विम्यात आधीचा आजार सांगितला नाही." सलग ६० महिने पॉलिसी चालू असेल, तर फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज या कारणावरून दावा नाकारता येत नाही.

कधी कधी कंपनीचे कारण बरोबरही असते. सुरक्षा विमा योजनेत आजाराने झालेला मृत्यू किंवा आत्महत्या बसत नाही. तिथे दाद मागून उपयोग होत नाही. पण त्याच व्यक्तीचे ४३६ रुपये कापले गेले असतील, तर जीवन ज्योतीचा दावा वेगळा उभा राहतो. पासबुक म्हणूनच नीट पाहायचे.

एक उदाहरण

समजा, इंदूरमधील एक खातेदार आंब्याच्या झाडावरून पडले. सरकारी रुग्णालयात दोन दिवस उपचार झाले आणि त्यांचा मृत्यू झाला. पत्नी वारस आहे. सुरक्षा विमा योजनेचा तिचा दावा कंपनीने नाकारला. कारण दिले, "प्रथम खबर अहवाल जोडलेला नाही."

तिने रुग्णालयातून केस पेपरची प्रमाणित प्रत घेतली. दाखल करतानाच्या नोंदीत "झाडावरून पडल्याने डोक्याला मार" असे लिहिलेले आहे. वरचा दुसरा नियम पाहा. तिच्याकडे हवा तो पुरावा आहे, फक्त तो योग्य ठिकाणी पोहोचायला हवा.

पहिली पायरी : कंपनीचा तक्रार निवारण अधिकारी

प्रत्येक विमा कंपनीत असा अधिकारी असतो. त्याला लेखी तक्रार पाठवल्याशिवाय पुढे जाता येत नाही. पत्र छोटे ठेवा. ते असे लिहिता येईल:

"माझे पती प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचे सभासद होते. माझा दावा आपण १० मार्चच्या पत्राने नाकारला. कारण प्रथम खबर अहवाल नाही, असे दिले आहे. मृत्यू झाडावरून पडून झाला. अशा घटनेत रुग्णालयाची तत्काळ नोंद ग्राह्य धरली जाते. ती नोंद सोबत जोडली आहे. दाव्याचा फेरविचार करून २ लाख रुपये माझ्या खात्यात जमा करावेत, ही विनंती."

सोबत नकाराचे पत्र, हप्ता कापल्याची पासबुकातील नोंद, मृत्यूचा दाखला आणि रुग्णालयाचे कागद जोडा. सगळ्यांच्या झेरॉक्सच द्या, मूळ प्रती घरी ठेवा. पत्र स्पीड पोस्टाने किंवा ईमेलने पाठवा आणि पोचपावती जपा. विमा नियामकाच्या "बीमा भरोसा" पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावरही तक्रार नोंदवता येते.

दुसरी पायरी : विमा लोकपाल

कंपनीने तक्रार फेटाळली, उत्तर समाधानकारक नसले किंवा एक महिन्यात उत्तरच आले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. तिथे जाण्याची मुदत एक वर्ष आहे. उदाहरणातील पत्नीने २५ मार्चला पत्र पाठवले आणि उत्तर आले नाही, तर २५ एप्रिलपासून एक वर्ष मोजायचे. उत्तर आले, तर ते मिळाल्यापासून.

तक्रार तुम्ही जिथे राहता किंवा कंपनीची शाखा जिथे आहे, त्या भागाच्या लोकपालाकडे करायची. इंदूरच्या वाचकांसाठी भोपाळ, वडोदऱ्यासाठी अहमदाबाद, बेळगावसाठी बेंगळुरू. महाराष्ट्रात मुंबई आणि पुणे येथे कार्यालये आहेत. तक्रार टपालाने किंवा ऑनलाइन करता येते. ती खातेदाराने स्वतः किंवा त्याच्या वारसाने करायची असते. कार्यालयाकडून संमतीपत्र येते, ते भरून वेळेत परत पाठवा. सुनावणी व्हिडिओवरही होऊ शकते.

लोकपाल आधी दोन्ही बाजूंत तडजोड होते का, ते पाहतात. ती झाली नाही, तर सगळे कागद मिळाल्यापासून तीन महिन्यांत निवाडा देतात. ५० लाख रुपयांपर्यंतची भरपाई ते देऊ शकतात. निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो आणि तो तिने ३० दिवसांत पाळायचा असतो. तुम्हाला मात्र तो मान्य नसेल, तर ग्राहक आयोगाचा मार्ग खुला राहतो. तिथे तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते, ती नजरेआड करू नका. तेच प्रकरण आधीच न्यायालयात किंवा ग्राहक आयोगात असेल, तर लोकपाल ते घेत नाहीत.

चूक बँकेची असेल तर?

खात्यात शिल्लक होती, तुमची संमतीही होती, तरी बँकेने हप्ता कापला नाही, किंवा दाव्याचे कागद शाखेतच पडून राहिले, तर तक्रार बँकेविरुद्ध आहे. आधी बँकेला लेखी कळवा. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा ते पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. माहितीसाठी १४४४८ या क्रमांकावर फोन करा.

सावध राहा

"दावा मिळवून देतो, अर्धे पैसे द्या" असे सांगणाऱ्यापासून दूर राहा. लोकपालाकडे तक्रार करायला एक रुपयाही लागत नाही. ओटीपी किंवा एटीएमचा पिन कुणालाही सांगू नका.

उजळणी

१. घरातील कोणाकोणाच्या खात्यातून विम्याचे हप्ते कापले जातात? यादी करा आणि वारसाचे नाव नोंदले आहे का, ते बँकेत विचारा.
२. पॉलिसी आणि पासबुके कुठे ठेवली आहेत, हे वारसाला माहीत आहे का?
३. कंपनीला १ जूनला तक्रार पाठवली आणि उत्तर आले नाही. लोकपालाकडे कधीपासून कधीपर्यंत जाता येईल? (उत्तर : १ जुलैपासून पुढे एक वर्ष.)