सांची : दात्यांची नावे वाचताना

सहलीच्या गाडीने सांचीला गेलेल्या माणसास महास्तूप दिसतो, चार तोरणे दिसतात आणि तेवढ्यात वेळ संपतो. स्वतंत्रपणे जाणाऱ्या प्रवाशास तेथे वाचताही येते. सांची हे पाहण्याइतकेच वाचण्याचे स्थळ आहे. म्हणून माजी विद्यार्थ्यांनी व पालकांनी तेथे एकदा तरी सवडीने जावे.

प्रवास सोपा आहे. भुसावळ, खांडवा, इटारसी या मार्गाने भोपाळ गाठावे. तेथून सांची सुमारे ५० किलोमीटर आहे. सांचीला रेल्वे स्थानक असून टेकडी पायी चढता येते. हिवाळ्यातील सकाळ उत्तम. तिरप्या उन्हात दगडावरील अक्षरे स्पष्ट उमटतात. स्तूप उजव्या हाताला ठेवून प्रदक्षिणा करावी.

इ.स.पूर्व तिसऱ्या शतकात सम्राट अशोकाने येथे विटांचा स्तूप उभारला. पुढील शतकात त्यावर दगडी आवरण चढवून तो वाढविण्यात आला. आज त्याचा व्यास ३६.६ मीटर आणि उंची सुमारे १६.५ मीटर आहे. तोरणे सातवाहन काळातील आहेत. दक्षिण तोरणावरील लेखात राजा सातकर्णीच्या कारागिरांचा प्रमुख आनंद याचे दान नोंदलेले आहे. सातवाहनांची राजधानी आपले पैठण. म्हणून मराठी वाचकास हा लेख घरचा वाटावा. याच तोरणावर विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी कोरीवकाम केल्याची नोंद आहे. तोरणांवर बुद्ध मनुष्यरूपात कोरलेले नाहीत; बोधिवृक्ष, रिक्त आसन, पदचिन्हे आणि धम्मचक्र यांतून त्यांचे अस्तित्व सूचित केले आहे.

खरा धडा मात्र स्तूपाभोवतीच्या दगडी कठड्यावर, म्हणजे वेदिकेवर आहे. तेथे ब्राह्मी लिपीतील शेकडो छोटे लेख आहेत. ही लिपी अनेक शतके कोणासही वाचता येत नव्हती. १८३७ साली जेम्स प्रिन्सेप यांच्या लक्षात आले की सांचीचे बहुतेक लेख त्याच दोन अक्षरांनी संपतात. ते दात्यांचे लेख असावेत, म्हणून शेवटचा शब्द ‘दानं’ असावा, असा तर्क त्यांनी केला. त्याच्या आधी वारंवार येणारे अक्षर षष्ठीचा ‘स’ ठरले, म्हणजे ‘अमक्याचे दान’. या दोन सूत्रांनी ब्राह्मीचे कुलूप उघडण्यास मोठी मदत झाली आणि त्यातूनच अशोकाचे शिलालेख पुन्हा वाचता आले. सामान्य माणसांच्या दानाने सम्राटाला वाणी परत मिळवून दिली!

हा शब्द आपणही शोधू शकतो. आडव्या रेषेवर उभी रेषा म्हणजे ‘न’. शेजारी बिंदू असल्यास ‘नं’. हे दाते कोण होते? भिक्खू, भिक्खुनी, गृहिणी, व्यापारी, विणकर, लेखनिक. भिक्खुनींची व गृहस्थ स्त्रियांची नावे तर मोठ्या संख्येने आहेत. कोणी एक आडवा दगड दिला, कोणी एक फरसबंदीची शिळा. एवढी भव्य वास्तू अशा लहान लहान वाट्यांतून पूर्ण झाली.

आपल्या निवासी शाळेसारख्या संस्थाही अशाच उभ्या राहतात. एका घराने धान्य द्यावे, दुसऱ्याने एका खोलीचे पत्रे द्यावेत, तिसऱ्याने मुलांना शिकविण्यासाठी वेळ द्यावा. वेदिकेवरील नावे वाचली की या परंपरेचे वय कळते.

प्राचीन स्थळांच्या दगडांवर काही पर्यटक खिळ्याने आपली नावे ओरखडतात. सांचीच्या दात्यांनी आधी दगड दिला, मग त्यावर नाव आले. हा फरक मुलांना जागेवर उभे राहून समजावून सांगावा. लेखांना हात लावू नये. वहीत अक्षरे उतरवून घ्यावीत. परतल्यावर ती वही वसतिगृहातील मुलांसमोर उघडावी आणि त्यांना पहिला ब्राह्मी शब्द शिकवावा : दानं.