उपकरणातून उपकरण काढताना

काही वर्षांपूर्वी एका छोट्या रुग्णालयासाठी मी ऑटोक्लेव्हच्या माहितीपुस्तिकेचा मराठी अनुवाद केला. ऑटोक्लेव्ह म्हणजे शस्त्रक्रियेचं सामान दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणारं यंत्र. आतलं तापमान १२१ अंश सेल्सिअस, कधी १३४. इंग्रजी पुस्तिकेत यंत्राला ‘अप्लायन्स’ म्हटलं होतं, कात्र्या-चिमट्यांना ‘इन्स्ट्रुमेंट्स’ आणि जादा दाब बाहेर सोडणाऱ्या झडपेला ‘सेफ्टी डिव्हाइस’. मी कोश उघडला. तिन्ही ठिकाणी ‘उपकरण’ मिळालं आणि तिन्ही ठिकाणी मी तेच लिहिलं. वाक्य तयार झालं : ‘उपकरणे उपकरणात ठेवण्यापूर्वी उपकरण तपासून घ्यावे.’

व्याकरणात चूक नव्हती. छापूनही झालं. मग तिथल्या सिस्टरांचा फोन आला. “ताई, तपासायचं नेमकं काय? कात्र्या, मशीन की आणखी काही?” तपासायची होती झडप. ती अडकली असेल तर दाब वाढत जातो आणि धोका यंत्राजवळ उभ्या असलेल्या माणसाला असतो. सिस्टरांनी विचारलं म्हणून निभावलं. त्या दिवसापासून या शब्दांकडे मी कोशातल्या नोंदी म्हणून बघणं सोडलं.

इंग्रजीत हे शब्द एकमेकांच्या जागी सहज बसतील असं वाटतं, पण प्रत्येकाची कामाची जागा वेगळी आहे. ‘टूल’ हातात धरून वस्तूवर काम करतं : हातोडी, कानस, पान्हा. ‘इन्स्ट्रुमेंट’मध्ये नाजूकपणा किंवा अचूकपणा अपेक्षित असतो, म्हणून मायक्रोमीटर, सर्जनची कात्री आणि सतार या तिन्हींना तो शब्द चालतो. ‘इम्प्लिमेंट’ शेतात अधिक दिसतं, ‘युटेन्सिल’ स्वयंपाकघरात. ‘अप्लायन्स’ म्हटलं की डोळ्यांपुढे मिक्सर, फ्रिज, इस्त्री येतात. ‘अॅपरेटस’ म्हणजे एका प्रयोगासाठी किंवा कामासाठी जुळवलेली मांडणी. चंबू, नळी, स्टँड आणि बर्नर मिळून ती होते. शाळेच्या प्रयोगवहीत आपण वर्षानुवर्षं त्यासाठी ‘साहित्य’ लिहीत आलो आणि तो शब्द तिथे चपखल आहे.

‘इक्विपमेंट’ची गोष्ट निराळी. हा शब्द फ्रेंचमधून आला आणि त्याचं मूळ बहुधा जुन्या नॉर्स भाषेतल्या जहाज सज्ज करण्याच्या क्रियापदात आहे. म्हणून त्यात एका वस्तूपेक्षा सगळ्या सज्जतेचा अर्थ अधिक आहे. इंग्रजीत त्याचं अनेकवचन होत नाही. आपल्याकडच्या निविदांमध्ये आणि दुकानांच्या पाट्यांवर मात्र ‘इक्विपमेंट्स’ सर्रास दिसतं. मराठीत त्याला ‘सामग्री’ किंवा ‘सरंजाम’ जवळचे. ‘उपकरण’ म्हटलं की समूहाचा अर्थच निसटतो.

खरं तर आपल्याकडे असे भेद पूर्वीपासून आहेत. सुश्रुतसंहितेत शल्यकर्माच्या साधनांचे दोन स्पष्ट वर्ग आहेत : बोथट ती यंत्रं, धारदार ती शस्त्रं. यंत्रं १०१ आणि शस्त्रं २० सांगितली आहेत, आणि सगळ्या यंत्रांमध्ये हात हे मुख्य यंत्र मानलं आहे. ‘शस्त्रक्रिया’ हा शब्द आपण रोज वापरतो, त्यात तीच धार आहे. सुतार आजही पटाशी, रंधा, करवतीला ‘हत्यारं’ म्हणतो आणि दसऱ्याला त्यांची पूजा करतो. शेतकरी नांगर, कुळव, पाभर, कोळप्याला ‘औत-अवजारं’ म्हणतो. कुळवाला ‘कृषी उपकरण’ म्हटलेलं ऐकून त्याला काही कळेल, असं मला वाटत नाही. शब्दांचं दारिद्र्य मराठीत नाही, ते आमच्या अनुवादाच्या सवयीत आहे, हे मी अनुभवाने सांगते.

शब्द चुकला की पैशाचाही फटका बसतो. सीमाशुल्क आणि जीएसटीचा दर ठरवण्यासाठी मालाची जी एचएसएन वर्गवारी वापरली जाते, तिच्यात हाताने चालवायची हत्यारं ८२व्या प्रकरणात येतात, यंत्रसामग्री ८४व्या आणि मोजमापाची, शस्त्रक्रियेची साधनं ९०व्या. हाताने फिरवायचं गिरमिट ८२मध्ये. तेच भोक पाडणारं, हातात धरायचं विजेचं ड्रिल ८४मध्ये. त्या ड्रिलला लावायचं बिट पुन्हा ८२मध्ये! तराजूचंही तसंच : पाच सेंटिग्रॅम किंवा त्याहून सूक्ष्म फरक दाखवणारा प्रयोगशाळेतला तराजू ९०मध्ये मोडतो, किराणा दुकानातला ८४मध्ये. निर्जंतुक करणारा ऑटोक्लेव्ह ८४मध्ये आणि त्यात ठेवायच्या कात्र्या-चिमटे ९०मध्ये. माझ्या पुस्तिकेत मी ज्यांना एकच नाव दिलं होतं, ते कायद्याच्या लेखी दोन वेगळ्या घरांत राहतात.

लघुउद्योजकांना याची झळ अधिक लागत होती. २००६च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यात उत्पादन करणाऱ्याची गुंतवणूक ‘प्लँट अँड मशिनरी’त मोजायची आणि सेवा देणाऱ्याची ‘इक्विपमेंट’मध्ये, असा भेद होता. सूक्ष्म उद्योगाची मर्यादा पहिल्यासाठी २५ लाख रुपये, दुसऱ्यासाठी १० लाख. १ जुलै २०२० पासून दोन्हींना एकच निकष लागला, पण जुनी कागदपत्रं वाचताना तो फरक ध्यानात ठेवावा लागतो.

यातला ‘प्लँट’ सर्वांत फसवा. ‘वनस्पती व यंत्रे’ असा अनुवाद मी स्वतः तपासणीत खोडला आहे. मराठीत त्याला ‘संयंत्र’ म्हणतात. १९६१च्या प्राप्तिकर कायद्यातल्या व्याख्येत तर व्यवसायासाठी वापरलेली जहाजं, वाहनं, पुस्तकं, वैज्ञानिक साधनं आणि शस्त्रक्रियेची सामग्रीही ‘प्लँट’मध्ये धरली होती, चहाची झुडपं आणि पशुधन मात्र वगळलं होतं. वकिलाची ग्रंथसंपदा अशी ‘प्लँट’ ठरत असे. इंग्लंडमध्ये १८८७ साली यार्माउथ विरुद्ध फ्रान्स या खटल्यात गाडीचा घोडासुद्धा मालकाच्या ‘प्लँट’चा भाग ठरला होता. त्या घोड्याच्या लाथेने गाडीवान जखमी झाला होता आणि त्याची भरपाई या शब्दाच्या अर्थावरही अवलंबून होती.

‘इन्स्ट्रुमेंट’ही असंच वेश पालटतं. १८८१च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अॅक्टमधलं इन्स्ट्रुमेंट म्हणजे धनादेश, वचनचिठ्ठी, हुंडी. मुद्रांकाच्या कागदात हा शब्द आला की तिथे ‘संलेख’ किंवा ‘दस्त’ हवा.

म्हणून आता काम हाती घेतलं की मी आधी व्याख्यांचं कलम वाचते आणि कायद्याने शब्द बांधून दिला असेल तर तोच घेते. तसं नसेल तर वस्तूचा फोटो मागवते. ती मोजते, कापते, धरते की तापवते, हे एकदा कळलं की नाव बहुतेक वेळा आपोआप सापडतं. वस्तूला स्वतःचं नाव असेल तर जातिवाचक शब्द मी वापरतच नाही : झडप आहे तर झडप, चिमटा आहे तर चिमटा. एका मजकुरात एका वस्तूला शेवटपर्यंत एकच नाव ठेवते. शैलीसाठी शब्द बदलण्याचा मोह अशा लेखनात घातक असतो. आणि छापण्यापूर्वी, ती वस्तू रोज हाताळणाऱ्या माणसाला मजकूर मोठ्याने वाचायला सांगते. अडखळला की तिथे खूण करते. ही शेवटची पायरी नव्या अनुवादकांनी मुळीच गाळू नये. वेळ जातो, पण कुठलाही कोश हे काम करून देत नाही.

त्या रुग्णालयाची पुस्तिका मी पुन्हा लिहून दिली. ‘कात्र्या, चिमटे आत ठेवण्यापूर्वी सुरक्षा झडप मोकळी आहे ना, ते पाहा. दाबाचा काटा शून्यावर आल्याशिवाय दार उघडू नका. निर्जंतुक चिमट्याने एकेक वस्तू उचला.’ कच्चा खर्डा सिस्टरांकडे पाठवला. दोन दिवसांनी तो परत आला. ‘निर्जंतुक चिमट्याने’वर निळ्या पेनाने काट मारून त्यांनी वर लिहिलं होतं : ‘चीटल फोर्सेपने’. तिथे सगळे तेच म्हणतात. छापताना तेच ठेवलं.