डोळे बघतात, पण लगाम कोणाकडे?

आजचं चिंतन : कठोपनिषद, अध्याय १, वल्ली ३



'मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय!' हे वाक्य आपण किती ठामपणे बोलतो ना? आज या ठामपणाकडेच जरा बघूया.

एक छोटा प्रयोग करा. कागदावर एक फुली काढा आणि तिच्या उजवीकडे सात-आठ सेंटीमीटरवर एक ठिपका. डावा डोळा झाका. उजव्या डोळ्याने फक्त फुलीकडे बघत कागद हळूहळू जवळ आणा. एका अंतरावर ठिपका चक्क गायब होतो! डोळ्यातली नस जिथून मेंदूकडे निघते, तिथे प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नसतात. तरी आपल्याला तिथे भोक दिसत नाही, कारण आजूबाजूच्या पांढऱ्या रंगावरून मेंदू ती जागा भरून काढतो. म्हणजे डोळ्यांचं 'फुटेज' आपल्यापर्यंत एडिट होऊनच पोचतं.

आणि मन दुसरीकडे असेल तर समोरचंही दिसत नाही. १९९९ साली सायमन्स आणि शाब्री या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना एक व्हिडिओ दाखवून चेंडूचे पास मोजायला सांगितले. मधूनच गोरिलाच्या वेशातली एक व्यक्ती चालत गेली. जवळपास निम्म्या लोकांना ती दिसलीच नाही. डोळे उघडे होते, मन मोजण्यात गुंतलं होतं.

आता उपनिषदातला रथ आठवा. शरीर हा रथ, इंद्रियं घोडे, मन लगाम आणि बुद्धी सारथी. सारथी बेसावध असेल तर घोडे उधळतात, तो जागा असेल तर तेच घोडे शहाण्यासारखे चालतात.

आपलं रोज काय होतं? आईच्या आवाजातली चिडचिड ऐकू येते, दमणूक ऐकू येत नाही. टीममधल्या कुणाचा उशीर दिसतो, त्याने निस्तरलेलं काम दिसत नाही. डोळे-कान ठीक आहेत, पण आपण मोजत काय होतो? नाती बऱ्याचदा इथेच तुटतात.

म्हणून आजचा अभ्यास एवढाच : कुणाबद्दल मत पक्कं करण्याआधी स्वतःला विचारा, 'मी काय मोजत होतो?' आणि त्या माणसाकडे पुन्हा एकदा बघा. जपाला बसल्यावर भटकलेलं मन आपण परत नामावर आणतो, तो या लगामाचाच सराव आहे. माळ खाली ठेवल्यावरही तो चालू राहू दे.