ट्युटोरियल कोणासाठी?

विद्यार्थिनी: मॅडम, डेटा मायनिंगच्या केडीडी परिषदेला ट्युटोरियलचा प्रस्ताव पाठवावा म्हणते. पीएचडीचं सगळं काम एकत्र मांडता येईल.

प्राध्यापिका: तुझं काम मांडायचं असेल तर पेपर पाठव. ट्युटोरियलला लोक विषय शिकायला येतात. समोर पहिल्या वर्षाचा संशोधक असतो आणि बँकेत फसवणुकीचे व्यवहार हुडकणारा इंजिनिअरही असतो. त्यांनी अर्धा दिवस दिला, तर उठताना त्यांना नवं काय करता येईल, हे प्रस्तावाच्या पहिल्याच परिच्छेदात यायला हवं. विषय कोणता घेतेस?

विद्यार्थिनी: डेटा लीकेज. मॉडेल शिकवताना उत्तराची माहिती नकळत आत शिरते. चाचणीत गुण भरघोस मिळतात आणि प्रत्यक्ष वापरात मॉडेल आपटतं.

प्राध्यापिका: पेपर फुटलेल्या परीक्षेसारखं. विषय उत्तम आहे, पण तू व्याख्या सांगितलीस. प्रस्ताव वाचणाऱ्याला त्याचं गांभीर्य उदाहरणातून कळेल. 2008 ची केडीडी कप स्पर्धा आठवते?

विद्यार्थिनी: स्तनाच्या कर्करोगाच्या एक्स-रे प्रतिमांची?

प्राध्यापिका: तीच. प्रतिमांतल्या संशयित जागांपैकी कर्करोगाच्या कोणत्या, हे ओळखायचं होतं. विजेत्या चमूच्या लक्षात आलं की रुग्णाचा ओळख क्रमांकच रोगाचा अंदाज देतोय! खरं तर त्या क्रमांकाला वैद्यकीय अर्थ काहीच नव्हता. वेगवेगळ्या ठिकाणच्या नोंदी एकत्र करताना क्रमांकांचे गट तसेच राहिले असावेत. अनुभवी लोकांनी तयार केलेल्या स्पर्धेत हे घडलं. पुढे 2011 मध्ये केडीडीतच कॉफमन, रॉसेट आणि पर्लिच यांनी लीकेजची रीतसर मांडणी केली. तुझ्या ट्युटोरियलचा पहिला अर्धा तास इथेच आहे.

विद्यार्थिनी: उरलेल्या वेळात सगळे प्रकार घेईन. वेळमालिका, ग्राफ, भाषेची मोठी मॉडेलं...

प्राध्यापिका: नको. प्रस्ताव बहुतेक वेळा इथेच फसतात. तीन तासांत सगळं क्षेत्र कोंबलेलं दिसलं, की निवड करणाऱ्यांना कळतं, माणसानं वेळ लावून पाहिलेला नाही. आराखड्यात प्रत्येक भागापुढे मिनिटं लिही. प्रश्नांना आणि चहाला धरून लिही. मग दोन प्रकार आपोआप गळतील.

विद्यार्थिनी: आणि प्रत्यक्ष करून दाखवायचं असेल तर?

प्राध्यापिका: अवश्य दाखव. ‘द एलिमेंट्स ऑफ स्टॅटिस्टिकल लर्निंग’ या पुस्तकातला प्रयोग घे. 50 नमुने, 5000 रकाने, सगळे आकडे यादृच्छिक, उत्तराशी संबंध शून्य. आधी सगळ्या नमुन्यांवरून उत्तराशी जुळणारे 100 रकाने निवडायचे आणि मग क्रॉस-व्हॅलिडेशन करायचं, म्हणजे दर फेरीत काही नमुने बाजूला ठेवून त्यांच्यावर चाचणी घ्यायची. खरी चूक 50 टक्के असायला हवी, पण दिसते सुमारे 3 टक्के. रकाने निवडताना चाचणीचे नमुनेही पाहिले गेले, म्हणून. निवड प्रत्येक फेरीच्या आत केली, की तो आकडा पुन्हा जागेवर येतो. हे ज्यानं स्वतःच्या लॅपटॉपवर पाहिलं, तो आपलं जुनं काम त्याच रात्री उघडून तपासेल. मात्र कोणती भाषा, कोणती लायब्ररी, इंटरनेट लागेल का, श्रोत्याला आधी काय यायला हवं, हे स्पष्ट लिही. ‘थोडं सांख्यिकी’ असं मोघम नको; ‘क्रॉस-व्हॅलिडेशन एकदा तरी केलेलं असावं’ असं लिही.

विद्यार्थिनी: याच विषयावर आधी कोणी बोललं असेल तर प्रस्ताव मागे पडेल?

प्राध्यापिका: लपवलंस तर पडेल. आधीची ट्युटोरियलं शोध, नावानिशी नोंदव आणि तुझं वेगळं काय, ते दोन वाक्यांत सांग. सोबत एखादी अशी व्यक्ती घे, जिनं उद्योगात किंवा रुग्णालयाच्या डेटावर प्रत्यक्ष काम केलंय. सहवक्ता केवळ नावासाठी नसावा. कोण कोणता भाग शिकवणार, तेही आराखड्यात दिसू दे.

विद्यार्थिनी: केडीडीत जमलं नाही तर?

प्राध्यापिका: आपल्याकडची कोड्स-कोमॅड परिषद आहे. 2018 मध्ये ती गोव्यात झाली, 2023 मध्ये मुंबईत. तिथेही ट्युटोरियलं होतात. आणि एक काम कुठेही चुकवू नकोस. स्लाइड आणि कोड परिषदेनंतर सगळ्यांना खुले राहतील, असं प्रस्तावात लिही आणि खरोखर खुले ठेव. केडीडी 2024 मध्ये बार्सिलोनाला झाली, 2025 मध्ये टोरांटोला. तिथवर जाण्याचा खर्च आपल्याकडच्या बहुतेक विद्यार्थ्यांना झेपत नाही. त्यांच्यासाठी तुझं ट्युटोरियल म्हणजे तेवढी फाइलच असेल, तेव्हा ती त्यांना डोळ्यांपुढे ठेवून तयार कर.